हिरड्यांचा गंभीर आजार घराण्यातून येतो का? जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

घणसोलीकर (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय ३४ आहे. मी घणसोलीला राहतो आणि महापे येथील एका कंपनीत नोकरी करतो. ब्रश करताना रक्त येते म्हणून जवळच्या एका दवाखान्यात गेलो होतो. कीटण काढून अर्ध्या तासात मोकळा होईन अशी समजूत होती. डॉक्टरांनी मात्र खुणा असलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीच्या फटीत घालून तिच्या खोलीचे मिलिमीटरमधले आकडे सांगायला सुरुवात केली आणि शेजारी उभ्या असलेल्या सहायिकेने ते तक्त्यावर लिहून घेतले. पुढच्या दातांपाशी "तीन, दोन, तीन" असे चालले होते. खालच्या पहिल्या दाढेपाशी "सहा, पाच, सात" असे ऐकू आले, तेव्हा मला धाकधूक वाटू लागली. नंतर ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढल्यावर पहिल्या दाढांभोवतीचे हाड मुळाच्या लांबीच्या सुमारे ४० टक्के झिजले असल्याचे त्यांनी दाखवले. दात एकही हललेला नाही आणि दुखतही नाही.

घरची पार्श्वभूमी सांगतो. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते. पंचेचाळिशीतच त्यांचे सगळे दात गेले आणि कवळी बसली. दादा ४१ वर्षांचा आहे. त्याच्या चार दाढा पडल्या आहेत आणि खालचे पुढचे दात हलतात. आजोबांचेही तरुणपणीच बोळके झाले होते असे आत्या सांगते. याउलट आई गेली कित्येक वर्षे रोज सकाळी मशेरी लावते, आणि आज बासष्टाव्या वर्षीही तिचे जवळपास सगळे दात शाबूत आहेत. मी स्वतः तंबाखू, सिगारेट यांपैकी काहीही घेत नाही.

त्या दवाखान्यात मला लाळेच्या नमुन्यावरून होणारी एक जनुकीय चाचणी सुचवली गेली. तिची किंमत पाच आकडी आहे. हा आजार खरोखर रक्तातून येतो का, ही चाचणी केल्याने माझ्या उपचारांत काही फरक पडेल का, आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला आतापासून काही दाखवून घ्यावे का, एवढे मला जाणून घ्यायचे आहे.

कोपरीचे वाचक

आनुवंशिकता वगैरे सगळे नंतरचे. दिवसातून दोनदा नीट दात घासले, रात्री चूळ भरून झोपले, तर कुणाचे दात पडत नाहीत. आमच्या पिढीत कडुनिंबाची काडी आणि मीठ यांवर भागत असे. चाचण्यांवर पैसे घालवू नका.

दंतवैद्य, नौपाडा

मी हिरड्यांच्या आजारांचा तज्ज्ञ आहे आणि ठाण्यात व्यवसाय करतो. कोपरीच्या वाचकांचा चाचणीविषयीचा सल्ला मला बव्हंशी मान्य आहे, त्यामागचे कारण मात्र मान्य नाही, आणि मूळ प्रश्नाचा गाभा त्या कारणातच असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

नॉर्वेचे दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली श्रीलंकेतील चहामळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्या तपासण्यास सुरुवात केली आणि १९८५ पर्यंत त्यांचा मागोवा घेतला. हे लोक दात घासत नव्हते, दंतवैद्याकडे कधी गेलेले नव्हते, आणि जवळपास सर्वांच्याच दातांवर कीटण व हिरड्यांना सूज होती. स्वच्छता हेच एकमेव कारण असते तर सगळ्यांचे दात सारख्याच गतीने जायला हवे होते. प्रत्यक्षात ११ टक्के लोकांचा आजार हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. ८१ टक्के लोकांची झीज मध्यम गतीने झाली आणि उरलेल्या ८ टक्क्यांची फार वेगाने. पस्तिसाव्या वर्षी वेगवान गटात दाताचा आधार सरासरी ९ मिलिमीटर सुटलेला होता, मध्यम गटात ४ मिलिमीटर, आणि तिसऱ्या गटात एक मिलिमीटरहूनही कमी. मळा एक, काम एक, खाणेपिणे साधारण सारखे, तोंडातील अस्वच्छताही सारखी, आणि परिणामांत एवढा फरक. घणसोलीकरांच्या आईंचे दात मशेरी लावूनही टिकले याचे मला म्हणूनच फारसे आश्चर्य वाटत नाही. त्या बहुधा त्या ११ टक्क्यांसारख्या नशीबवान शरीराच्या आहेत. त्यावरून मशेरी निरुपद्रवी ठरत नाही.

हे असे का होते? दाताच्या मुळाशी साचलेल्या थरातील जिवाणू आजाराची सुरुवात करतात हे खरे, परंतु हाड खाण्याचे काम मुख्यतः आपल्याच शरीराच्या प्रतिकारातून घडते. जिवाणूंचा मारा सतत सुरू राहिला की पांढऱ्या पेशी हिरडीत गोळा होतात, इंटरल्यूकिन-१ सारखे दाहाचे संदेश पाठवतात, आणि त्या संदेशांनी हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. हा प्रतिसाद कुणात बेताचा असतो, कुणात भडक. कुणाच्या पांढऱ्या पेशी जिवाणूंना नीट मारतात, कुणाच्या त्या कामात कमी पडतात. या सगळ्या घडामोडींवर जनुकांचा प्रभाव असतो आणि आनुवंशिकतेचा शिरकाव तिथेच होतो.

श्रीलंकेच्या पाहणीने फरक दाखवला, पण तो फरक जनुकांचाच आहे हे सिद्ध केले नाही. त्यासाठी जुळ्यांकडे वळावे लागते. अमेरिकेत मिकालोविच यांच्या गटाने १९९१ साली ११० जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत लहानपणीच वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकबीज (म्हणजे एकसारखी जनुके असलेल्या) जुळ्यांच्या १४ जोड्याही होत्या. २००० साली याच गटाने आणखी ११७ जोड्या तपासल्या आणि धूम्रपान, स्वच्छता इत्यादींचा हिशेब वजा घातल्यानंतरही हाडाच्या आजारातील फरकांपैकी साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचा अंदाज दिला. त्याच अभ्यासात हिरड्यांच्या नुसत्या सुजेमध्ये मात्र आनुवंशिकतेचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे रक्त येणे, हिरडी लाल होणे हे मुख्यत्वे थर साचण्यावर ठरते, आणि ती सूज पुढे हाडापर्यंत उतरणार की नाही, उतरली तर किती वेगाने, यात घराण्याचा हात असतो. २०१९ मध्ये लुइजी निबाली आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जुळ्यांच्या अभ्यासांतून हा वाटा ३८ टक्के आणि इतर कौटुंबिक अभ्यासांतून १५ टक्के निघाला. आजार जितका गंभीर, तितका आनुवंशिक वाटा जास्त, हाही त्यांचा निष्कर्ष आहे.

आता आपल्या ओपीजीकडे येतो. २०१७ साली शिकागो येथे झालेल्या जागतिक कार्यशाळेनंतर आम्ही आजाराचा टप्पा आणि त्याची गती अशा दोन गोष्टी नोंदवतो. गतीसाठी सर्वांत जास्त झिजलेल्या जागेची टक्केवारी घेऊन तिला वयाने भागतात. ०.२५ पेक्षा कमी आले तर गती मंद, १ पेक्षा जास्त आले तर वेगवान. आपले ४० भागिले ३४ म्हणजे १.१८ येते. तंबाखू नाही, हा आकडा असा, आणि वडील व भाऊ दोघांची हकिगत अशी, हे सगळे एकत्र धरले तर आपल्या बाबतीत घराण्याचा वाटा बराच असावा असे माझे मत आहे. मधुमेहाची तपासणी केली आहे का, हे आपण लिहिलेले नाही. ते अवश्य सांगा.

कळव्याची वाचक

डॉक्टरांचे लेखन वाचून पुष्कळ कळले, पण एक शंका राहते. घराण्यात जे चालत येते ते सगळे रक्तातूनच येते असे कसे म्हणावे? मी गावाकडच्या एकत्र कुटुंबात वाढले. पहाटे चुलीवरच्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिचा उग्र वास घरभर पसरायचा, मग ती हाताने चुरून पत्र्याच्या डबीत भरायची, आणि घरातल्या सगळ्या बायका उंबऱ्यात बसून तर्जनीने ती दातांवर घोळवत राहायच्या. आजीने आईला लावली, आईने मला लावली, आणि ती सोडताना मला किती त्रास झाला हे माझे मला ठाऊक. हीही घराण्याची देणगीच की. शुगरचेही तसेच, वडिलांना असली की मुलांना येते. शिवाय एकाच घरात एकाच ताटात जेवणारी माणसे एकमेकांना जिवाणूही देत असतील.

मला तर वाटते की सुनांचे दात पाहावेत. लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि घरातल्या मुलांचे रक्त वेगळे, पण चूल, पाणी आणि सवयी एकच. घणसोलीकरांच्या वहिनींच्या हिरड्या कशा आहेत? त्या चांगल्या असतील तर मी डॉक्टरांचे म्हणणे मान्य करीन.

जीवशास्त्र शिक्षक, ऐरोली

कळव्याच्या ताईंनी सुचवलेली सुनांची कसोटी मला फार आवडली, कारण जुळ्यांच्या आणि कौटुंबिक अभ्यासांमागचे तर्कशास्त्र नेमके हेच आहे: रक्ताचे साम्य आणि परिस्थितीचे साम्य एकमेकांपासून सुटे करता आले पाहिजे. एका घरापुरती ती कसोटी निर्णायक ठरणार नाही, एवढेच. सून लग्नानंतर आलेली असते, म्हणजे तिच्या आयुष्याची पहिली वीस-बावीस वर्षे दुसऱ्याच चुलीवर गेलेली असतात.

मी दंतवैद्य नाही, पण "निम्मा वाटा आनुवंशिक" या वाक्याचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो, म्हणून लिहितो. घणसोलीकरांच्या आजारातील अर्धा आजार वडिलांकडून आणि अर्धा अस्वच्छतेतून आला, असा त्याचा अर्थ होत नाही. अमुक एका समाजात, अमुक एका काळात, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यापैकी किती फरक जनुकांतील फरकाशी जोडता येतो, एवढेच तो आकडा सांगतो. तो समाजाविषयी असतो, व्यक्तीविषयी नसतो, आणि परिस्थिती बदलली की बदलतो. उद्या सगळ्यांनी तंबाखू सोडली, तर तंबाखूमुळे होणारा फरक नाहीसा होईल आणि आनुवंशिक वाट्याची टक्केवारी आपोआप वर जाईल, जनुकांत तसूभरही बदल न होता.

आता चाचणीविषयी. या क्षेत्रातील गाजलेला शोध १९९७ सालचा आहे. केनेथ कॉर्नमन आणि सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-१ च्या दोन जनुकांमधील विशिष्ट बदलांचा एक संच, धूम्रपान न करणाऱ्यांमधील गंभीर आजाराशी जोडलेला असल्याचे दाखवले आणि लवकरच त्यावर आधारित चाचणी बाजारात आली. दवाखान्यात सुचवल्या जाणाऱ्या बऱ्याच चाचण्यांचे मूळ तिथे आहे. पुढे वेगवेगळ्या लोकसमूहांत हाच संच शोधला गेला तेव्हा चित्र इतके सरळ राहिले नाही. २००० साली चिनी वंशाच्या ३०० लोकांची तपासणी झाली, त्यांत तो फक्त २.३ टक्के लोकांत आढळला. चिनी लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार होत नाही असे तर कोणीच म्हणणार नाही. म्हणजे जो संच एका समूहात धोक्याची खूण म्हणून थोडाफार उपयोगी पडतो, तो दुसऱ्या समूहात जवळजवळ सापडतच नाही, आणि आजार मात्र दोन्हीकडे असतो.

नंतर संपूर्ण जनुकसंच चाळून पाहणारे मोठे अभ्यास झाले. कमी वयात वेगाने वाढणाऱ्या आजारासाठी २०१० मध्ये जीएलटी-६-डी-१ हे जनुक पुढे आले आणि २०१७ मध्ये सिग्लेक-५ चे नाव आले. त्याआधी, २००९ मध्ये, नवव्या गुणसूत्रावरील एक भाग या आजाराशी जोडलेला आढळला, आणि गंमत अशी की हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोकाही त्याच भागाशी निगडित आहे. परंतु यांपैकी प्रत्येकाचा वाटा छोटा आहे, आणि यातील बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरून मिळालेली आहे. पाटण तालुक्यातील कुटुंबाला ती जशीच्या तशी लावून पाच आकडी बिल करणे मला तरी योग्य वाटत नाही.

चाचणीची उपयुक्तता तपासण्याचा साधा मार्ग असा की, ती सुचवणाऱ्या डॉक्टरांना विचारावे: निकाल होकारार्थी आला तर तुम्ही काय कराल, आणि नकारार्थी आला तर काय कराल? दोन्ही उत्तरे एकच असतील, तर ती चाचणी आपल्यासाठी नाही.

घणसोलीकर

सर्वांचे आभार. ऐरोलीच्या सरांचा प्रश्न मी फोनवर तसाच्या तसा विचारला. उत्तर आले की उपचार तेच राहतील, फक्त "आपल्याला माहिती असलेली बरी". त्यामुळे चाचणीचा विषय माझ्यापुरता संपला.

डॉक्टर, माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ५.४ टक्के आहे. दादाला मात्र मधुमेह असल्याचे दोन वर्षांपूर्वी कळले. त्याचा आकडा ८.९ आहे आणि तो गोळ्या वेळेवर घेत नाही. वडील आयुष्यभर तंबाखू-चुना खात असत. कळव्याच्या ताईंनी वहिनींविषयी विचारले आहे: तिचे दात उत्तम आहेत, ती मूळची महाडची आहे आणि तिने मशेरीला कधी हात लावलेला नाही. त्यामुळे तिच्यावरून काही ठरवता येईल असे मला वाटत नाही, कारण फरक रक्ताचाही आहे आणि सवयीचाही.

मुलीविषयीचा प्रश्न अजून तसाच आहे. तिच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, पण पुढचे खालचे दात थोडे वेडेवाकडे आले आहेत.

पनवेलची एक आई

मुलांचा विषय निघाला म्हणून माझ्या नात्यातील एक उदाहरण लिहिते, कारण घरात कुणालाही ते वेळेवर ओळखता आले नव्हते. माझ्या चुलत बहिणीचे लग्न तिच्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी झाले. आमच्याकडे हे पूर्वापार चालत आलेले आहे आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. त्यांच्या मुलाचे दुधाचे दात वेळेवर आले, पण तिसऱ्या वर्षापासून हिरड्या सुजून लाल राहू लागल्या आणि शाळेत जायच्या आधीच बरेचसे दात एकामागून एक गळून गेले. तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत, भेगाळलेले होते. मातीत खेळतो म्हणून असेल असे सगळे समजत राहिले आणि वर्षभर नुसते मलम लावत राहिले. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांनी हात आणि तोंड एकत्र पाहिले तेव्हा आजाराचे नाव कळले. नाव फ्रेंच आहे, पापिलों-लफेव्र. या मुलाच्या बाबतीत जनुकीय तपासणी उपयोगाची ठरेल असे आम्हाला सांगितले गेले. वर तर सर्वांनी चाचणी नको असे लिहिले आहे. मग हे कसे?

दंतवैद्य, नौपाडा

पनवेलच्या ताईंनी फार महत्त्वाचा मुद्दा आणला. येथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ होऊ नये.

घणसोलीकरांच्या घरातला आजार पुष्कळ जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून, तंबाखू, साखर आणि जिवाणू यांच्या साथीने घडतो. आपल्या भाच्याचा आजार एकाच जनुकाच्या बिघाडातून होतो. पापिलों आणि लफेव्र या फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ साली त्याचे वर्णन केले आणि कारण १९९९ साली सापडले: अकराव्या गुणसूत्रावरील कॅथेप्सिन-सी नावाच्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक. हे विकर नसले की पांढऱ्या पेशींमधील काही जिवाणूनाशक द्रव्ये कामाला लागतच नाहीत. दहा लाखांत एक ते चार जणांना होणारा हा आजार आहे. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच तो होतो. आईवडील प्रत्येकी एकच बिघडलेली प्रत बाळगून स्वतः पूर्ण निरोगी असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यात लग्न झालेले असेल तर आजीआजोबांकडून आलेली एकच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी मुलापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. केरळातील कोचीच्या ज्यू समाजात याचाच एक भाऊबंद आजार १९६५ साली हाइम आणि मुंक यांनी नोंदवला होता आणि पुढे त्याचे मूळही याच जनुकात सापडले. तो समाज लहान, त्यामुळे लग्ने आपापसांत.

अशा ठिकाणी जनुकीय तपासणीने निदान पक्के होते, पुढच्या अपत्याबाबत सल्ला देता येतो आणि भावंडांना वेळीच पाहता येते. पक्के दात येण्याच्या सुमारास उपचार नेटाने केले तर काही मुलांचे दात वाचवता येतात. एरवी पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत तेही जातात. बहिणीला सांगा की त्वचेचे आणि हिरड्यांचे असे दोन्ही तज्ज्ञ एकत्र असतील तिथेच मुलाला न्यावे. पाच वर्षांच्या आत दुधाचा दात मुळासकट, धक्का न लागता पडला, तर आमच्यासारख्यांनी तरी "लवकर पडला, लवकर येईल" म्हणून हसून सोडून देऊ नये. हाडांच्या आणि रक्ताच्या काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांची ती पहिली खूण असू शकते.

आता घणसोलीकरांची मुलगी. दुधाचे दात वेळेवर पडले, तळहात नेहमीसारखे आणि रक्त येत नाही, तर वरच्या प्रकाराची काळजी नको. तिच्या तोंडात या वयात पहिल्या पक्क्या दाढा आणि पटाशीचे दात आलेले असतील. कमी वयात सुरू होणाऱ्या आजाराची सुरुवात साधारणतः याच दातांपासून, वयात येण्याच्या सुमारास होते, आणि तेव्हा हिरडी वरून अगदी निरोगी दिसू शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी नेहमीची तपासणी करून घेताना आपली कौटुंबिक हकिगत डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि याच दाढा व पटाशीच्या दातांभोवती सळईने मोजून घ्यायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे, दुखत नाही, आणि या वयात लाळेच्या कोणत्याही चाचणीपेक्षा जास्त सांगून जाते. संशय आला तरच छोटा एक्स-रे. वेडेवाकडे दात सरळ करायचे असतील तर तारा बसवण्याआधी हिरड्यांची नोंद झालेली असावी.

कळव्याच्या ताईंच्या शंकेचे उत्तर राहिले होते. घरातील माणसे एकमेकांना जिवाणू देतात हे खरेच आहे, आईवडिलांकडून मुलांकडे आणि नवराबायकोमध्येही. मोरोक्कोतील किशोरवयीन मुलांवरचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका जिवाणूचा जेपी-२ हा विशिष्ट वाण ज्यांच्या तोंडात होता, त्यांना आजार होण्याचा धोका तो जिवाणू नसलेल्यांपेक्षा १८ पट दिसला. म्हणजे "घराण्यातून आले" यात जिवाणूही धरावे लागतात, ताईंचे म्हणणे रास्त आहे. उपचारांच्या दृष्टीने ही सोयीचीच गोष्ट आहे, कारण घरातल्या मोठ्यांच्या हिरड्या स्वच्छ झाल्या की मुलांकडे जाणारा हा पुरवठाही घटतो. मशेरीविषयी माझा राग तुमच्याइतकाच आहे. जिथे ती रोज घोळवली जाते तिथली हिरडी मुळापासून मागे सरलेली मी सातत्याने पाहतो, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्याहून मोठा आहे. घणसोलीकरांच्या आईंनाही ती सुटावी म्हणून मदत करा. दात चांगले आहेत म्हणून राहू द्या, असे म्हणू नका.

दादांचा विचार मात्र माझ्या मनात सर्वांत आधी येतो. ही सरासरी साखर ७ किंवा त्याहून जास्त असली की आम्ही आजार वेगवान गतीचा धरतो, आणि त्यांची ८.९ आहे. त्यांच्या हिरड्या दुरुस्त केल्याने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेतही साधारण ०.४ ची घट होते असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. गोळ्या सोडायला हे कारण नाही, घ्यायला उत्तेजन म्हणून सांगतो. त्यांचे खालचे हलणारे दात अजून जागेवर आहेत, म्हणजे ते काढण्याचा निर्णय घाईने घेऊ नये.

आपल्या स्वतःच्या सहा-सात मिलिमीटरच्या खोबणींसाठी आधी मुळांची खोल सफाई, मग साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजणी, आणि तेव्हाही पाचपेक्षा जास्त राहिलेल्या जागी गरज पडल्यास शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. त्यानंतर दर तीन महिन्यांनी देखभाल. दातांच्या फटींत साध्या ब्रशने काम होत नाही. फटीच्या मापाचा बारीक ब्रश डॉक्टरांकडून मापून घ्या, दाढांना एक आणि पुढच्यांना दुसरे माप लागते. खर्चाची अडचण असेल तर नेरूळ आणि खारघर येथील दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. वेळ जास्त लागतो, पण काम प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होते. दोघे भाऊ एकाच दिवशी गेलात तर उत्तम. दोघांच्या ओपीजी सोबत न्या, दादांचा साखरेचा ताजा अहवाल घ्या, आणि केसपेपर काढतानाच वडिलांचे दात कितव्या वर्षी गेले ते लिहून घ्यायला सांगा.

घणसोलीकर

दादाशी बोललो. तो आधी कुरकुरला, पण साखरेचे ऐकून तयार झाला. शनिवारी सकाळी नेरूळला जात आहोत, मुलीलाही सोबत नेतो.